ती केशरी-काळ्या पट्ट्यांची माशी गांधीलमाशी नाहीये

तुम्ही विचारलंय की कुंडीतल्या कोथिंबिरीला फुलं आलीयेत आणि त्यावर एक छोटी केशरी-काळ्या पट्ट्यांची माशी हवेत एकाच जागी थांबून राहते, ती गांधीलमाशी आहे का, चावते का आणि राहते कुठे. तर आधी निवांत व्हा, ती हॉवरफ्लाय आहे, शेतीवाले लोक सिर्फिड माशी म्हणतात तिला. नांगीच नसते हो तिला! कधीकधी हातावर येऊन बसते पण ते घाम चाटायला. कपडे गांधीलमाशीचे घातलेत, म्हणजे पक्षी वगैरे घाबरून लांब राहतात, बाकी स्वभाव अगदी गरीब.

आता कुठली हॉवरफ्लाय, तर तुमच्या वर्णनावरून एपिसिर्फस बाल्टिएटस असावी, इंग्रजीत हिला मार्मलेड हॉवरफ्लाय म्हणतात. खात्री करायची असेल तर मोबाईलवर झूम करून पोटाचा फोटो काढा आणि नीट बघा, केशरी पोटावर एक जाड काळा पट्टा आणि त्याच्या जरा वर अजून एक बारीक काळी रेघ, मिशी काढल्यासारखी, असं दिसलं की समजायचं हीच. असा दुहेरी पट्टा पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागावर असतो. लांबी साधारण १ सेंटीमीटर, अंग सडपातळ, पोट चपटं, डोळे तांबूस. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतील तर नर, मधे फट असेल तर मादी. आणि पंख दोनच, मधमाशी-गांधीलमाशीला चार असतात. एकच गंमत, कोष थंडीत तयार झाला असेल तर माशी बरीच काळपट निघते आणि उन्हाळ्यात निघालेली जास्त केशरी, त्यामुळे दोन फोटो वेगळे दिसले म्हणून लगेच दोन जाती समजू नका.

राहते कुठे? घर-पोळं असलं काही नसतं, फुलं आणि मावा (म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) जिथे तिथे ही. तोंड आखूड असल्यामुळे खोल नळीच्या फुलात जमत नाही, म्हणून कोथिंबीर, बडीशेप, शेपू, मोहरी असली उघडी बारीक फुलं आवडतात. मोठी माशी मध आणि पराग खाते (मादीला अंडी धरायला पराग लागतातच) पण अंडी मात्र मावा पडलेल्या पानावर घालते, पांढरी, लांबट, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. त्यातून निघते ती अळी खरी खादाड. पाय नाहीत, डोळे नाहीत, अर्धपारदर्शक अंग, चाचपडत मावा शोधते, पकडून वर उचलते आणि रस शोषून नुसतं साल टाकून देते. कोष होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. लोक हिलाच कीड समजून चिरडतात किंवा सरळ औषध मारतात, वाईट वाटतं बघून.

ही फक्त आपलीच नाही बरं का, युरोपपासून जपानपर्यंत आहे, शास्त्रीय वर्णन तर डी गीअर या स्वीडिश माणसाने १७७६ मध्येच केलंय. आणि एवढासा जीव स्थलांतरही करतो! दक्षिण इंग्लंडमध्ये रडारवर मोजलं तेव्हा ही आणि हिची एक नातेवाईक अशा दोन जाती मिळून वर्षाला ४०० कोटींपर्यंत माशा ये-जा करतात असं २०१९ मध्ये छापून आलं होतं.

आपल्याकडे थंडीत मोहरीवर, चवळीवर मावा पडतो तेव्हा आसपास शोधा, सकाळचं ऊन पडलं की फिरायला लागतात. आणि कोथिंबिरीची ती फुलं आत्ताच खुडू नका, धणे धरेपर्यंत राहू द्या.