नव्या सुपरवायझरला: माणसं बोलती ठेव
बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) सुपरवायझर झालास, फार बरं वाटलं. आता एक ऐक. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं भोक) सापडलं की "कोणी केलं?" असं विचारू नकोस, "काय झालं?" असं विचार. साच्याची वाळू जास्त ओली होती का, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) नीट भाजला नव्हता का, हे साचा करणाऱ्या मोल्डिंगवाल्यालाच ठाऊक असतं. चारचौघांत झापलास तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि खराब माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावरच तुला कळेल. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या १९९६च्या अभ्यासात हेच दिसलं: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथली माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती.

खानापूरकडची पोरं मराठी बोलतील, गोकाककडची कन्नड. ज्याला ज्या भाषेत अडचण मांडता येते, त्या भाषेत मांडू दे. कुणाच्या भाषेची थट्टा मात्र अजिबात चालू देऊ नकोस. आपल्या भागात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

घरीही तसंच. बायको मन मोकळं करत असेल तर लगेच उपाय सांगू नकोस, आधी पूर्ण ऐकून घे. तिनं विश्वासानं सांगितलेलं पुढच्या भांडणात बाहेर काढू नकोस.