बडोद्यात समुद्र नाही, म्हणून काय झालं?

ताई, पत्र मिळालं. म्हणजे लेक बारावी सायन्सला, ए ग्रुप म्हणजे मॅथ्सवाला, शाळेत एका शास्त्रज्ञांचं किनाऱ्यावरच्या पुरांवर आणि सरकणाऱ्या किनाऱ्यांवर लेक्चर झालं तेव्हापासून याचाच अभ्यास करायचा असं तिच्या डोक्यात बसलंय, आणि तिचे बाबा म्हणतात बडोद्यात समुद्र आहे कुठे, गपचूप कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे. कोणाचं बरोबर, असं तुम्ही विचारलंय.

मला तर वाटतं दोघं एकाच गोष्टीवरून भांडतायत, कारण या कामातले बरेचसे दिवस कॉम्प्युटरसमोरच जातात. होडीत बसून फिरायचं असेल असं मुलांना वाटतं, तसं काही नसतं. लँडसॅट उपग्रहांचे फोटो 1972 पासूनचे आहेत आणि फुकट मिळतात, जुना-नवा एकावर एक ठेवायचा आणि किनारा किती आत आला ते मोजायचं, ऐकायला सोपं वाटतं ना? पण आपलं खंभातचं आखात घ्या. त्याच्या काठावरच्या कंबोई गावाचं स्तंभेश्वर महादेव तुम्ही बघितलंच असेल, भरतीला देऊळ पाण्यात जातं आणि ओहोटीला परत उघडं पडतं, आणि तिथला किनारा सगळा सपाट चिखलाचा. आता उपग्रह काही भरतीचं टाइमटेबल बघून येत नाही, तो त्याच्या ठरल्या वेळेला येतो, मग एका फोटोत भरती आणि दुसऱ्यात ओहोटी असली तर किनारा लांबच लांब सरकलेला दिसणार आणि प्रत्यक्षात इंचभरही हललेला नसणार! म्हणून भरतीच्या वेळा जुळवायच्या, नाहीतर जिथून झाडोरा सुरू होतो ती रेषा धरायची, त्यात बहुतेक फोटोंतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 मीटर, अगदी जुन्यांत त्याहून जास्त, तेवढी चूक हिशोबात घ्यायची, आणि मग जीपीएस घेऊन खरोखर चिखल तुडवून खात्री करायची. मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, पायथनमधलं प्रोग्रॅमिंग, सगळं लागतं.

पुराचंही तसंच. समुद्र एकटा पूर आणत नाही, मोठी भरती, वादळाने किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी, लाटा आणि वरून पाऊस हे एकाच वेळी आले की नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि हे सगळं मिळून पाणी गावात किती आत शिरेल ते कॉम्प्युटरवर मॉडेल करून काढायचं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री लोकांच्या घरात शिरली ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तो काही किनाऱ्यावरचा पूर नव्हता, पण ही नदी पुढे ढाढर नदीला मिळून त्याच आखातात जाते. तेव्हा बाबांना सांगा, समुद्र तसा फार लांब नाही.

काम आहे का, तर आहे. चेन्नईच्या नॅशनल सेंटर फॉर कोस्टल रिसर्चने 1990 ते 2018 चा हिशोब मांडला त्यात देशाच्या किनाऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा झिजतोय असं निघालं. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था एनआयओ, हैदराबादचं समुद्राची माहिती देणारं केंद्र इन्कॉइस, अहमदाबादचं इस्रोचं केंद्र सॅक, पुण्याजवळ खडकवासल्याचं पाण्यावरचं संशोधन केंद्र सीडब्ल्यूपीआरएस, या सगळ्या सरकारी संस्थांकडे हे काम चालतं, शिवाय बंदरांसाठी आणि सीआरझेडसाठी, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांसाठी, अभ्यास करून देणाऱ्या प्रायव्हेट कन्सल्टन्सी. पण पैशाचं खरं सांगतो, आयटीसारखं एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पॅकेज इथे नाही, पीएचडी होईस्तोवर सत्तावीस-अठ्ठावीस वय होतं, नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 असतात आणि त्यानंतरही पहिली काही वर्षं प्रोजेक्टवरची कंत्राटी नोकरी असू शकते. घरात हे आधीच बोलून घ्या.

रस्ते दोन. एक, आपल्या एमएसयूत, म्हणजे बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत, जिऑलॉजी घेऊन बीएससी, मग जॅम ही एमएससीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत नाहीतर इथेच एमएससी. दुसरा, सिव्हिल इंजिनिअरिंग आणि मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन कोस्टल किंवा ओशन इंजिनिअरिंगमध्ये एमटेक, आयआयटी मद्रास, एनआयटी सुरतकल वगैरे. मॅथ्स आवडत असेल तर मी दुसरा घ्यायला सांगेन, यात मधेच मन बदललं तरी हातात इंजिनिअरची डिग्री राहते आणि बाबाही शांत होतात. मरीन बायोलॉजी, म्हणजे समुद्रातल्या जीवांचा अभ्यास, मात्र वेगळा विषय, नाव ऐकून तिकडे जाऊ नका.

बोर्ड झाली की सुट्टीत तिला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून कंबोईचा 2000 चा आणि आत्ताचा किनारा आखायला लावा, फुकट आहे. आठवड्याभरात कंटाळली तर कॉम्प्युटर घेऊ दे. तारखा-भरतीच्या वेळा शोधत रात्री जागली तर बाबांना माझ्याकडे पाठवा, मी बोलतो. गुजकेटचा, म्हणजे गुजरातच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, फॉर्म मात्र काहीही ठरलं तरी भरा, सिव्हिललाही तीच लागते.