झडप बदलल्यावर मूत्रपिंडाला सूज: ल्युपस की औषध?

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या बहिणीला सहा वर्षांपासून ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते तो आजार) आहे. गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला तिच्या हृदयात धातूची झडप बसवली. बाराव्या दिवशी लघवी कमी झाली, लघवीला फेस येऊ लागला आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून ३.४ वर गेले. डॉक्टर बायोप्सी (सुईने मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून तपासणे) सुचवतात. नातेवाईक मात्र भरपूर पाणी आणि गोखरूचा काढा द्या म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : काढा आजच थांबवावा, आणि पाणी डॉक्टर सांगतील तेवढेच मोजून द्यावे. भरपूर पाण्याचा सल्ला आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुतखड्याला ठीक आहे. लघवी कमी झालेल्या हृदयरुग्णाच्या मात्र तेच पाणी फुप्फुसांत साठते.

शस्त्रक्रियेत रक्त यंत्रातून फिरवल्याने मूत्रपिंडाला होणारी इजा बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच क्रिएटिनिनमध्ये दिसते. इथे त्रास बाराव्या दिवशी सुरू झाला, म्हणून ल्युपसने पुन्हा उचल खाल्ली, नव्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, की एखाद्या औषधाच्या ॲलर्जीने मूत्रपिंडाला सूज आली, हे आधी ठरवावे लागेल. औषधाचा संशय सहसा उशिरा येतो, कारण ती औषधे नेहमीचीच असतात: प्रतिजैविके, वेदनाशामके, अगदी पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी पॅन्टोप्रॅझोलची गोळीसुद्धा. अशा वेळी ताप आणि पुरळ दिसतीलच असे नाही.

फेसाळ लघवी प्रथिने जात असल्याची खूण असू शकते आणि ल्युपसकडे बोट दाखवते, पण तेवढ्यावर निदान करता येत नाही. रक्तातील सी-३ आणि सी-४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिने ल्युपसमध्ये घटतात, तशी झडपेच्या संसर्गातही घटू शकतात. उपचार मात्र वेगवेगळे आहेत: ल्युपस असेल तर स्टिरॉइड वाढवावे लागते, संसर्ग असताना तेच वाढवणे घातक ठरू शकते, आणि औषधाची सूज असेल तर ते औषध बंद करणे हा पहिला उपचार. म्हणून रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणे) आणि बायोप्सी या दोन्ही तपासण्या मला आवश्यक वाटतात.

बायोप्सीत रक्तस्राव होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी थांबवतात; परंतु धातूच्या झडपेवर गुठळी धरण्याचा धोका असल्याने मधल्या काळात रुग्णालयात हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन देतात. रक्त पातळ करणारी गोळी किंवा स्टिरॉइड घरी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सुरू केल्याच्या तारखांसह न्यावीत, टाके दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा.