पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये साध्या प्रेक्षकाला बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंय की तुम्ही रत्नागिरीचे, सिनेमाचा अभ्यास वगैरे काही नाही, फक्त जुने पिक्चर आवडतात, तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाऊन काही बघायला मिळेल का, की ते फक्त अभ्यासकांसाठी आहे. मिळतं, नक्की मिळतं. फक्त काय बघायचंय ते आधी ठरवून जा. ते काही काचेच्या कपाटांतून फिरत बघायचं म्युझियम नाही, मुळात ते साठवणीचं ठिकाण आहे, फिल्मचे डबे, पोस्टर, फोटो, पुस्तकं, सगळं. तसं म्युझियम बघायचं असेल तर मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात राष्ट्रीय सिनेमा संग्रहालय आहे, २०१९ ला सुरू झालं, तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं. पुण्यातलं लॉ कॉलेज रोडचं हे संग्रहालय वेगळं. तिथे लायब्ररी आहे, स्वतःचं थिएटर आहे, तिथे शो होत असतात, आणि एखादी ठरावीक फिल्म बघायची असेल तर तसा अर्ज करावा लागतो. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, त्यामुळे माहिती आता तिकडच्या वेबसाइटवर शोधा, आणि आधी फोन केल्याशिवाय रत्नागिरीहून एवढ्या लांब जाऊ नका.

मी मालवणकडचा. पुण्यात फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केला तेव्हा तिथे पहिल्यांदा गेलो, त्यामुळे जे सांगतोय ते बघून सांगतोय.

सगळ्यात आधी फाळक्यांचा कालिया मर्दन बघा, १९१९ चा. राजा हरिश्चंद्रचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण त्याची चारपैकी पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं उरलीत, आणि तीसुद्धा १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये परत केलेल्या फिल्मची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. कालिया मर्दन मात्र बराचसा सलग बघता येतो. कृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने केलंय, मंदाकिनीने, सहासात वर्षांची पोर, आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधी कॅमेरा नुसता तिच्या चेहऱ्यावर आहे. साध्या कपड्यांत ती आपली हसते, रुसते, घाबरते, एकामागून एक, आणि मग बघता बघता तिचाच कृष्ण होतो, मुकुटासकट. म्हणजे बापाने आधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की ही माझी मुलगी आहे बरं का, आणि आता बघा ती काय करते. शंभर वर्षं झाली तरी तो चेहरा बघताना अख्खं थिएटर हसत होतं, मी तिथे होतो. मोबाईलवर यूट्यूबला आहे ही फिल्म, पण पडद्यावर बघितली की डोळ्यांत पाणी येतं, मला तरी आलं.

आता आपल्या बाजूची गोष्ट सांगतो, कारण ही गोष्ट आपल्याकडच्याच लोकांना माहीत नसते. दादासाहेब तोरणे हे आमच्या मालवण तालुक्यातल्या सुकळवाडचे. त्यांचा पुंडलिक हा मूकपट १८ मे १९१२ ला मुंबईत गिरगावात कॉरोनेशन थिएटरला लागला, म्हणजे हरिश्चंद्रच्या जवळजवळ वर्षभर आधी. नाटक समोर उभं करून शूट केलेलं होतं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली, म्हणून त्याला पहिला भारतीय चित्रपट म्हणायचं की नाही यावर वाद आहे. तो वाद राहू दे बाजूला, मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पुंडलिकची प्रिंट आज कुठेच नाही. असती तर आपण बघून ठरवलं असतं ना, आता नुसतं वाचून भांडायचं.

आणि हे एकट्या पुंडलिकचं नाही. आपल्याकडे १३०० हून जास्त मूकपट निघाले, त्यातले ३० च्या आसपास उरलेत, तेही बरेचसे तुकड्यातुकड्यांत. पहिला बोलपट आलम आरा, १९३१ चा, पूर्ण गेला. पुण्याचं संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. नायर आलम आरासाठी तो काढणाऱ्या आर्देशीर इराणींना भेटायला गेले होते, तो किस्सा ते सांगायचे. इराणी म्हणाले ऑफिसात कुठेतरी एकदोन रिळं असतील, आणि मग त्यांच्या मुलाने नायरांना बाजूला घेऊन सांगितलं की चांदी काढून घेऊन ती रिळं कधीच संपवली. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते ना, पिक्चर उतरला की भंगारवाल्याकडे त्याचे पैसे यायचे, त्यामुळे कितीतरी फिल्म्स अशाच गेल्या. पहिल्या काळात फिल्म नायट्रेट नावाच्या चटकन पेटणाऱ्या पट्टीवर असायची, ती तर पेट घेतली की विझत नाही, पाण्यातसुद्धा जळते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जी आग लागली त्यात संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा गेला.

नायरांचं मला सगळ्यात पटतं ते हे की त्यांनी चांगला पिक्चर, वाईट पिक्चर असं केलं नाही. मिळेल ते ठेवलं, स्टंटपट, धार्मिक, पडलेले, सगळे. उद्या कुणाला काय लागेल ते आज कसं कळणार.

लायब्ररीत गेलात तर गाण्यांची चोपडी मागून बघा, ती पूर्वी थिएटरबाहेर एकदोन आण्यांना मिळायची. चार-आठ पानं, पातळ कागद, वर हिरो-हिरॉइनचा फोटो, आत नटांची नावं, गाणी आणि कथेचा सारांश, आणि सारांश नेमका रंगात आला की "पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावर पाहा" म्हणून थांबतो. फिल्मच हरवली असेल तर तिची गोष्ट काय होती, गाणी काय होती, हे कळायला एवढाच आधार उरतो. म्हणून मी फिल्मच्या डब्यांइतकंच या चोपड्यांना मानतो. आणि अशा चोपड्या आपल्याकडे घराघरांत असू शकतात, कारण आपल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गिरगाव-परळला चाकरमानी होतं, गणपतीला येताना ट्रंकेत काय काय यायचं.

आमच्या शेजारच्या वाडीत एका घराच्या माळ्यावर १६ एमएमच्या फिल्मचे पत्र्याचे डबे निघाले, त्यांचे आजोबा जत्रेत पडदा लावून पिक्चर दाखवायचे. झाकण उघडल्याबरोबर माडीच्या शिरक्यासारखा आंबट वास आला. हा वास आला की समजायचं, अ‍ॅसिटेट फिल्म, म्हणजे नायट्रेटच्या जागी आलेली सहज न पेटणारी फिल्म, सडायला लागलीय. तिच्यातूनच अ‍ॅसिड सुटतं आणि त्या अ‍ॅसिडने ती आणखी जोरात सडते, वर शेजारच्या डब्यालाही लागण होते. आतली फिल्म आक्रसून वेडीवाकडी झालेली, कडेला पांढरी बुरशी. आपला पावसाळा आणि खारी हवा म्हणजे फिल्मचा काळच आहे. पुण्यात थंड आणि कोरड्या खोल्यांत ठेवतात, रंगीत फिल्म तर आणखी थंडीत, आपल्या माळ्यावर ते कुठून जमणार. तरी त्यातली दोन रिळं बरी होती, ती वेगळी काढून ठेवली.

तर तुमच्या घरी असं काही असेल तर पावसाच्या आधी एकदा ट्रंक उघडून बघा. आंबट वासाचा डबा बाकीच्यांपासून लांब ठेवा, फिल्म पुसू नका, उन्हात घालू नका, घरच्या प्रोजेक्टरवर तर अजिबात चढवू नका, तुटेल. डब्यावर जे लिहिलंय त्याचा आणि फिल्मच्या सुरुवातीच्या पट्टीचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो संग्रहालयाला पाठवून विचारा. फिल्म किंवा डबा खूप जुना, १९५० च्या आधीचा वाटला तर नायट्रेट असू शकते, मग ती घरात चुलीजवळ, गॅसजवळ ठेवू नका आणि कुरिअरने तर मुळीच पाठवू नका, आधी त्यांनाच विचारा. आणि पुण्याला जाताना त्या गाण्यांच्या चोपड्यांचेही फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, लायब्ररीत दाखवा, त्यांच्याकडे नसलेली एखादी तुमच्याकडे असू शकते.