ओमोतेनाशी: ती की ते, आणि ‘आदरातिथ्य’ म्हटलं तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंची भाची पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट करून आता परदेशात एका जपानी हॉटेलात लागलीय. तिने इथल्या एका स्मरणिकेसाठी परदेशातल्या हॉटेल लाईनवर मराठीत लेख पाठवला, त्यात सगळीकडे ‘ओमोतेनाशी’ (पाहुण्याचं करण्याला जपानी शब्द) लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून सरसकट ‘आदरातिथ्य’ केलं आणि एक जागा नजरेतून सुटली तिथे ‘ओमोटेनाशी’ छापून आलं. तर बरोबर काय, आणि शब्द ठेवायचाच झाला तर ती ओमोतेनाशी की ते?

सोपं आधी उरकतो. ट नको, त. जपानीत आपल्यासारखा ट नाही, रोमन अक्षरांवरून वाचलं की आपला हात आपोआप ट कडे जातो (टोकियो त्यातच गेलं, आता ते कोण बदलणार). लिंगाचं म्हणाल तर सुनामी आली, सुशी खाल्ली, तसंच ओमोतेनाशी केली. ईकारान्त आहे, स्त्रीलिंगी करून टाका. सुरुवातीचा ‘ओ’ आदराचा असतो, चहाला ओचा म्हणतात तसा, किंवा जेवायच्या आधी हातात देतात तो पिळलेला ओला टॉवेल, त्याला ओशिबोरी. म्हणजे मूळ शब्द मोतेनाशी, ‘मोतेनासु’ या क्रियापदापासून, अर्थ पाहुण्याला वागवणं, त्याचं करणं. जुन्या जपानीत नुसतं वागणं, वर्तणूक या अर्थानेही यायचा.

एक व्युत्पत्ती तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, हॉटेलवाल्यांच्या ट्रेनिंगमध्ये फार आवडती आहे, की ओमोते म्हणजे दर्शनी बाजू आणि नाशी म्हणजे नसणं, म्हणून ज्यात आत एक बाहेर एक नाही अशी सेवा. ऐकायला झकास आहे, आणि आपल्याला तर ‘दिसेनाशी’मधला ‘नाशी’ आठवून अजूनच पटते, पण ही मागाहून जुळवलेली गोष्ट आहे. इथला ‘नाशी’ हा ‘नासु’चा, म्हणजे करण्याचा, नसण्याचा नाही. भाचीच्या लेखात ही व्युत्पत्ती असेल तर ‘असं म्हणतात’ जोडायला सांगा.

शब्द जपानबाहेर गाजला तो 2013 च्या सप्टेंबरात, ब्युनोस आयरिसला, टोकियोला ऑलिम्पिक मिळावं म्हणून टीव्हीवरच्या निवेदिका क्रिस्तेल ताकिगावा यांनी भाषणात एकेक अक्षर हाताने हवेत ठेवत ओ-मो-ते-ना-शी असं म्हटलं तेव्हा. त्या वर्षी जपानमध्ये वर्षाच्या गाजलेल्या शब्दांत त्याचा नंबर लागला. त्यानंतर कुठल्याही जपानी हॉटेलच्या जाहिरातीत तो नसेल तर आश्चर्य.

आता मुद्द्याचं, मराठीत काय म्हणायचं. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही, उलट गर्दी आहे. आदरातिथ्य हा निमंत्रणपत्रिकेतला शब्द झालाय, त्यात कुणी कुणासाठी काही करताना दिसत नाही. पाहुणचार चांगला, पण त्याला जेवणाचा वास आहे, पाहुणचार म्हटलं की पुरणपोळी नाहीतर कोंबडी. सरबराई फारसीतून आलेली, सरबराह म्हणजे व्यवस्था बघणारा, त्यामुळे त्यात थोडा लवाजमा, थोडी धावपळ ऐकू येते, साहेब दौऱ्यावर आले की सरबराई. बडदास्त माझा लाडका शब्द. हाही फारसीच, बरदाश्त, उचलणं-पेलणं, आणि गंमत बघा, हिंदीवाल्यांनी त्याचं ‘सहन करणं’ केलं आणि आपण त्याच शब्दाचं पाहुण्याची उत्तम काळजी घेणं केलं. (ज्यांच्याकडे मे महिन्यात पंधरा दिवस पाहुणे असतात त्यांना दोन्ही अर्थ एकदम कळतात.) पण बडदास्त ‘ठेवली’ जाते, मोठ्या माणसाची. ओमोतेनाशी कुणाचीही होते.

माझं मत असं की नाम शोधूच नका. आपल्याकडे जे याच्या सगळ्यात जवळ आहे ते क्रियापद आहे, हवंनको बघणं. ‘तिकडे सासूबाई सगळ्यांचं हवंनको बघत होत्या’ म्हणतो ना, ते. आणि यातही फरक करा, हवंनको विचारणं वेगळं आणि बघणं वेगळं. आपला मराठी आग्रह हा विचारण्याचा, तोही तीनदा, अजून एक पोळी, बरं अर्धी, बरं तूप तरी. ओमोतेनाशी म्हणजे निव्वळ बघणं, विचारायच्या आत. पाहुण्याने मागितलं म्हणजे आपलं बघायचं राहिलं.

मी एकदाच र्‍योकानमध्ये, म्हणजे त्यांच्या पारंपरिक उतारगृहात राहिलोय, एक रात्र, खिशाला तेवढीच परवडली. आत जाताना दारात बूट काढले ते आपल्या सवयीने कसेही, एक आडवा एक उभा. बाहेर फिरायला निघालो तर दोन्ही बूट शेजारी शेजारी, टाचा आमच्याकडे आणि टोकं दाराकडे, नुसते पाय घालायचे आणि चालू पडायचं. कोणी केलं ते दिसलंच नाही. खोलीत ठेवलेला युकाताही, तो सुती झगा, माझ्याच मापाचा होता, माप काही कुणी घेतलं नव्हतं, नाकाईने, म्हणजे खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी, दारातच नजरेने घेतलं असणार. टिप द्यायची पद्धत नाही, त्यामुळे बघितलं गेलं याची पावती फाडायची सोयच नाही.

ही गोष्ट परदेशात कशी न्यायची हाच भाचीच्या नोकरीचा गाभा असणार. जपानी हॉटेलं बाहेर जाऊन जमाना झाला, ॲमस्टरडॅमचं ओकुरा 1971 चं. पण र्‍योकान नेणं जास्त अवघड. जपानमधल्या वाकुरा ओन्सेन या गरम झऱ्यांच्या ठिकाणचं कागाया हे नामांकित र्‍योकान 2010 मध्ये तैवानला बेइतोऊत गेलं, तिथल्या मुलींना किमोनोत चालणं-बसणं शिकवण्यापासून तयारी. मूळ कागायात जेवणाची ताटं वरच्या मजल्यांवर न्यायला यंत्रं बसवली होती, आणि कारण ऐकून मला फार बरं वाटलं, नाकाईंचे पाय ताटं वाहण्यात जाऊ नयेत, त्यांनी पाहुण्याजवळ राहावं. हवंनको बघायला वेळ लागतो, तो यंत्राने मोकळा करून दिला. आता बाहेरच्या देशात अडचण अशी की न विचारता केलेलं काहींना अंगावर येतं, माझी बॅग का हलवली, मी खिडकी उघडी ठेवली होती ती कुणी लावली. तिथे बघण्यात कुठे थांबायचं हेही येतं, आणि हे माझ्या मते भाचीने लेखात लिहायलाच हवं, ते ‘आदरातिथ्या’खाली गाडलं जाईल.

अजून एक, लेखात ‘अतिथी देवो भव’ असणारच, तर ते ‘अतिथिदेवो भव’ असं जोडून लिहा. तैत्तिरीय उपनिषदात ते शिकून निघालेल्या विद्यार्थ्याला सांगितलंय, की अतिथी ज्याचा देव आहे असा तू हो. म्हणजे वाक्य यजमानाला उद्देशून आहे, पाहुण्याने काउंटरवर हात आपटत म्हणायचं नाही. जपानमध्ये हुबेहूब हेच झालं. मिनामी हारुओ नावाच्या गायकाने ‘ओक्याकुसामा वा कामीसामा देसु’, ग्राहक देव आहेत, असं म्हटलं ते स्टेजवर उभं राहताना देवापुढे उभं राहिल्यासारखं मन स्वच्छ करून गातो या अर्थाने, आणि गिऱ्हाइकांनी ते उचलून दुकानदारांवर चालवलं. इतकं की आता गिऱ्हाइकाच्या त्रासाला ‘कासुहारा’ असा शब्द पडलाय आणि टोकियोत त्याविरुद्धचा नियम एप्रिल 2025 पासून लागूही झालाय.

आणि हो, ‘सर्व्हिस’ हा पर्याय कुणी सुचवला तर तो जपानी वाचकापुढे तरी नको, त्यांच्याकडे दुकानदार ‘साबिसु’ म्हणाला की ते फुकट दिलेलं असतं. आपल्याकडे ‘ती सर्व्हिसला आहे’ म्हणजे पगार असतो.

तर संपादकांना पाठवायचं वाक्य हे घ्या: “इथे मला पहिली शिकवली ती ओमोतेनाशी, म्हणजे पाहुण्याने मागायच्या आत त्याचं हवंनको बघणं.” एकदा असं उलगडून सांगितलं की पुढे सगळीकडे नुसतं ओमोतेनाशी, त वाली, बिनधास्त.