पाच वर्षांत दोन पदव्या?

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमची ४ एकर डाळिंबाची बाग. तेल्या रोग आणि खोड पोखरणाऱ्या पिनहोल बोरर किडीमुळे निम्मी उपटून टाकावी लागली. धाकटा यंदा बारावी सायन्स झाला, सीईटीही दिली आहे. त्याला उद्यानविद्येलाच जायचं आहे. गेल्या आठवड्यात एका खासगी कॉलेजचे गृहस्थ घरी आले होते. त्यांच्याकडे ‘इंटिग्रेटेड’ कोर्स आहे म्हणाले. ५ वर्षांत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही, मधली प्रवेश परीक्षा नाही, वर ‘एक वर्ष वाचतं’. ८ दिवसांत पैसे भरून जागा धरा म्हणतात. भरावेत का?
– एक पालक

उत्तर : भाऊ, ८ दिवसांत तर मुळीच भरू नका. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

आपल्याकडे चारही कृषी विद्यापीठांत, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीत, वाट ठरलेली आहे. ४ वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स), मग प्रवेश परीक्षा, मग २ वर्षांची एम.एस्सी. एकूण ६. त्या गृहस्थांनी वाचवलेलं वर्ष नक्की कुठून काढलं, हे आधी विचारा. बहुतेक वेळा ते एम.एस्सी.च्या प्रयोगातून निघतं. आणि फळझाडांच्या बाबतीत तिथेच गोम आहे.

माझं सांगते. माझ्या एम.एस्सी.चा विषय होता हापूसमधला साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं. झाडाखाली पेंढ्याचं आच्छादन केलं, की जमिनीची धग फळाला कमी लागते. त्याने साका किती कमी होतो, हे मोजायचं होतं. १२ झाडं घेतली. प्रत्येक फळाच्या देठाला फळ धरल्याची तारीख लिहिलेलं लेबल दोऱ्याने बांधलं. एप्रिल संपता संपता एका सकाळी बागेत गेले, तर झाडं रिकामी! व्यापाऱ्याचा टेम्पो आला होता आणि तोडणीवाल्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. माझी लेबलं पाटीच्या तळाशी पडलेली. पुढच्या वर्षी पुन्हा मांडला प्रयोग, तर हापूसच तो, एक वर्ष देणार, एक वर्ष बसणार. १२ पैकी ५ झाडांना मोहोरच आला नाही. २ वर्षांची एम.एस्सी. मला ३ वर्षं पुरली.

तेव्हा रडले होते. पण त्या फुकटच्या पावसाळ्यात मी रोपवाटिकेत बसले आणि कोयकलम शिकले. रुजून १०-१२ दिवस झालेलं, अजून तांबूस पानं असलेलं रोप हातात घ्यायचं, कोयीच्या वर चार बोटांवर छाटायचं, मधोमध चीर द्यायची. हव्या त्या जातीच्या झाडाच्या काडीला दोन्हीकडून पाचरीसारखा काप द्यायचा आणि ती अशी बसवायची की निदान एका बाजूला तरी सालीला साल भिडेल. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. माझी पहिली ४० कलमं बांधली, जगली ६. आमचे माळीकाका म्हणाले, ‘बाई, चाकू घासा आधी.’ पुस्तकात चाकूचं काही नव्हतं.

डाळिंबाला बहार दरवर्षी धरता येतो, तिथे आंब्याइतकी अडचण नाही. तरी गारपीट झाली किंवा तेल्या आला, की तो बहार हातचा गेला. ५ वर्षांच्या चौकटीत दुसरा बहार बसवायला जागाच उरत नाही. मग मुलं कुंडीतल्या नाहीतर प्रयोगशाळेतल्या छोट्या प्रयोगावर भागवतात. तो वाईट असतो असं नाही, पण तुमच्या मुलाला बागेचं दुखणं कळून घ्यायचं आहे ना?

त्या गृहस्थांकडून ३ गोष्टी लेखी घ्या. दोन वेगवेगळी पदवी प्रमाणपत्रं मिळणार का? मध्येच बाहेर पडावं लागलं, तर ४ वर्षांची बी.एस्सी. हातात येते की नुसता डिप्लोमा? आणि कॉलेजला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का? कृषी क्षेत्रातली पदवी ४ वर्षांची धरतात. त्यापेक्षा कमी वर्षांचा कागद असेल, तर पुढे दुसरीकडे एम.एस्सी.ला जाताना दारातच अडतो.

मधली परीक्षा नाही, हे ते सोय म्हणून सांगतात. मला ते नुकसान वाटतं. बी.एस्सी.नंतरच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या जोरावर मुलं राज्याबाहेर जातात, काहींना शिष्यवृत्तीही मिळते. माझा एक विद्यार्थी हिमाचलात सोलनच्या विद्यापीठात गेला. सोलापूरच्या उन्हात वाढलेला पोरगा सफरचंदाची छाटणी शिकून आला आणि आज डाळिंबाची छाटणी आमच्यापेक्षा सरस करतो. एकाच कॉलेजात ५ वर्षं काढली असती, तर तेच ४ मास्तर आणि तीच बाग बघितली असती.

नोकरीचं म्हणाल, तर एमपीएससीच्या कृषी सेवेला बी.एस्सी. पुरते. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायचं किंवा कॉलेजात शिकवायचं, तर एम.एस्सी. लागते. हा निर्णय आज घ्यायचं कारण नाही. सातव्या सत्रात ‘रावे’ला, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाला, मुलं गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात, त्यानंतर कितीतरी जणांचं मत फिरतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथेच ठरवायची.

तेव्हा सीईटीच्या प्रवेश फेऱ्या होऊ द्या. अर्जाबरोबर सातबारा तयार ठेवा, शेतकऱ्याच्या मुलांना त्याचा वेगळा भारांक मिळतो. आणि त्याआधी एक दिवस काढून मुलाला सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात घेऊन जा. तेल्याचे डाग पडलेली चार फळं, फांदीचा एक तुकडा असं पिशवीत बांधून न्या. तोंड बंद करा पिशवीचं, रोग बागाबागांतून फिरवायला नको. तिथे तुम्ही गप्प बसा, प्रश्न त्याला विचारू द्या. परतीच्या एसटीत तो काय बोलतो, ते मला जरूर कळवा.

प्रश्न : बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.ला फळशास्त्र घेऊ की फुलशेती? मार्क दोन्हीकडे पुरतील.
– एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : तासगावची आहेस आणि घरी द्राक्षं असतील, तर फळशास्त्राचा अर्धा अभ्यास जेवताना होतो. पण सुट्टीत घरी गेल्यावर तू आधी बागेत जातेस की अंगणातल्या कुंड्यांपाशी? कुंड्यांपाशी जात असशील, तर लोक काय म्हणतात ते ऐकू नकोस, फुलशेती घे. आणि कुठलंही घेतलंस, तरी प्रयोगाच्या झाडांना दोऱ्याने नाही, तारेने लेबल बांध आणि तोडणीवाल्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांग.