सवलतीतली कंदांची पिशवी घ्यावी का?

प्रश्न: बागेसाठी मी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढते. सध्या वसंतात फुलणाऱ्या कंदांची दोनशे नगांची मिश्र पिशवी लावणीचा मोसम संपत आल्यामुळे निम्म्या किमतीत मिळते आहे. घेतली तर यंदाची सगळी रक्कम त्यातच जाईल. नवऱ्याचं म्हणणं, दोन आठवड्यांच्या फुलांसाठी एवढे पैसे मातीत कशाला घालायचे? घरावर कर्ज नाही, क्रेडिट कार्डाचं बिलही दर महिन्याला पूर्ण भरते. आमच्याकडे हिवाळा कडक असतो. काय करू?

उत्तर: कंद जरूर घ्या. ही पिशवी मात्र घेऊ नका, आणि सगळी रक्कम एकाच खरेदीत तर मुळीच घालू नका.

आधी तुमच्या यजमानांच्या शंकेबद्दल. कर्ज नाही, थकबाकी नाही, आणि हा पैसा हौसेसाठीच वेगळा काढलेला आहे. अशा पैशाला परतावा विचारायचा नसतो. घरखर्च, विमा आणि अडीअडचणीची रक्कम यांना धक्का न लावता मनासारखा खर्च करता यावा, म्हणून तर आपण एवढं नियोजन करतो. आणि दोन आठवड्यांचं म्हणाल, तर ते एका जातीपुरतं खरं आहे. थंडी सरता सरता क्रोकस उमलतो, मागोमाग डॅफोडिल, मग ट्यूलिप आणि शेवटी अ‍ॅलियम, म्हणजे कांद्याच्या जातीचं शोभेचं फूल. निवड नीट केली तर बाग दोन महिने फुललेली राहते.

तरीही त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा आहे, तो सोडू नका. चुकीचे कंद घेतले तर पैसे खरोखरच मातीत जातात. इथे नगाची किंमत बघून काही कळत नाही, एका बहराला किती पडले ते काढायला हवं. मोठ्या फुलांचे संकरित ट्यूलिप पहिल्या वर्षी देखणे येतात. पण फुलल्यावर मूळ कंद संपतो आणि त्याच्या जागी लहान लहान कंद होतात. ते पोसायला उन्हाळ्यात कोरडी, उबदार जमीन लागते. नेहमी पाणी मिळणाऱ्या वाफ्यात ते पोसत नाहीत, मग पुढच्या वर्षी बऱ्याचदा नुसती पानं दिसतात. डॅफोडिलचं उलटं आहे. जागा मानवली की तो वर्षानुवर्षं फुलतो आणि बाजूला नवे कंद धरतो. समजा, डॅफोडिलचा कंद ट्यूलिपच्या दुप्पट किमतीला पडला आणि पाचच वर्षं फुलला. तरी एका बहराचा खर्च ट्यूलिपच्या चाळीस टक्केच येतो. क्रोकस आणि मस्कारी (लहान निळ्या फुलांच्या घोसांचा कंद) तर मुळातच स्वस्त, आणि आपोआप पसरणारे. खरी स्वस्ताई मला या जातींत दिसते, सवलतीच्या पाटीत नाही.

आता त्या पिशवीचा हिशोब करू. दोनशेपैकी साठ कंद मऊ पडलेले निघाले आणि चाळीस इतके बारीक, की पहिल्या वर्षी फुलणारच नाहीत, असं धरा. उरले शंभर. म्हणजे निम्मी किंमत देऊन निम्मी फुलं, सवलत तिथेच संपली. असं होईलच असं नाही, पण बंद मिश्र पिशवीत ते घेण्याआधी तपासता येत नाही, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. सुटे कंद मिळत असतील तर एकेक हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडता कामा नये, आणि मुळं फुटतात तो तळ कोरडा, टणक हवा. वरची तपकिरी साल सुटलेली असली तरी बिघडत नाही. सालीवरची निळसर बुरशी पुसून जात असेल आणि आतला कंद घट्ट असेल, तर तोही चालतो. वेष्टनावर घेर सेंटीमीटरमध्ये छापलेला असतो. ट्यूलिप १२ किंवा त्याहून जास्त घेराचा घ्या, क्रोकस ७ च्या पुढचा. डॅफोडिलला दोन-तीन टोकं असतील तर एकाच कंदाला जास्त फुलं येतात, त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

माझ्या मते यंदा निम्मीच रक्कम वापरा. त्यातला मोठा भाग डॅफोडिल, क्रोकस आणि मस्कारीवर जाऊ द्या. ट्यूलिपची आवड असेल तर दारासमोर दिसतील एवढेच मोजके घ्या आणि तो एका मोसमाचा खर्च आहे असं धरून चाला. खारी आणि उंदीर ट्यूलिप-क्रोकस उकरून खातात, त्यामुळे वरून जाळी लागेल, तिचे पैसेही याच हिशोबात धरा. डॅफोडिलला ते सहसा तोंड लावत नाहीत, कारण तो विषारी असतो. म्हणूनच घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर हे कंद उघड्यावर ठेवू नका. उरलेली निम्मी रक्कम पुढच्या पानगळीपर्यंत, म्हणजे पुढच्या लावणीपर्यंत, राहू द्या. वसंतात वाफ्यात मोकळ्या राहिलेल्या जागांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढची खरेदी अंदाजाने करावी लागणार नाही.

ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य असतो, त्यांना माझं उत्तर वेगळं आहे. ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते. ती फ्रिजमध्ये द्यायची तर शेजारी पिकणारी फळं ठेवता येत नाहीत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढं करूनही कंद बहुधा दरवर्षी नवे घ्यावे लागतात. हा कायमचा खर्च झेपणार असेल तरच त्यात पडावं.

पिशवी आधीच घरी आली असेल, तर आजच ती ओतून निवडा. मऊ कंद टाकून द्या आणि जमीन खणता येते आहे तोवर बाकीचे लावून टाका, उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल. पुढच्या वर्षासाठी म्हणून कोरडे ठेवलेले कंद वाळून जातात. फुलं सरल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, कापू नका. पुढच्या बहराचं अन्न कंदात त्याच पानांतून साठतं, आणि पाच वर्षांचा वरचा हिशोबही त्यावरच उभा आहे.